कानटोपीखालचं टेंगूळ

साठी उलटलेला माणूस कधी पडत नाही. तो जरासा टेकतो, त्याचा पाय सरकतो, नाहीतर त्याला एकाएकी खाली बसावंसं वाटतं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन समोर बसलेला असतो आणि वर मलाच विचारतो, "पडलो कुठं जी मी? दाराले टेकलो." माझी सगळी नोकरी ड्रेसिंगच्या टेबलापाशी उभ्यानं गेली. म्हाताऱ्या माणसाची जखम खरी असते, तिची हकिगत तेवढी बनवलेली असते, इतकं मी त्यातून शिकले.

नाव माझं सुमन, पण ते आधार कार्डापुरतं. लोकांसाठी मी सिस्टर. आधी अकोल्याला आणि मग अमरावतीला सरकारी दवाखान्यात होते. रिटायर झाले तेव्हा नाशिकहून लेक अश्विनी म्हणाली, "आई, आता आराम कर." केला. महिनाभरात आरामानं कंबर धरली. मग स्कूटी काढली आणि घरोघर जाऊन ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची, वाफ द्यायची कामं घेतली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात भिंतींशी किती बोलणार?

हिवाळा हा आमचा सीझन. दिवाळी झाली की वऱ्हाडात सकाळी दात वाजतात आणि दुपारी स्वेटर काढून हातात धरावं लागतं. या दोन्हींच्या मध्ये म्हातारं माणूस सापडतं. टाचा फुटतात, गुडघे धरतात, छाती वाजायला लागते. आणि डॉक्टरांच्या आधी प्रत्येकाचं स्वतःचं एक मत असतं. भाजलं की टूथपेस्ट, कापलं की हळद, मुरगळलं की हळद-चुना. संत्र्यांच्या गावात राहून "संत्र्यानं खोकला होते" म्हणून दारातल्या गाडीवाल्याला हाकलणारे महाभाग मी पाहिले आहेत. तेच गृहस्थ लग्नात आइस्क्रीम मागून घेतात. "थे पोटात गरम पडते," म्हणतात. यावर कोण काय बोलणार!

बाहेरच्यांना वाटतं ड्रेसिंग म्हणजे जखम बांधणं. बांधणं सोपं आहे हो, सोडणं अवघड. म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. चिकटपट्टी जोरात ओढली की तिच्याबरोबर कातडी निघून येते आणि एका जखमेच्या दोन होतात. म्हणून आधी सलाइनच्या पाण्यानं भिजवायची, नातवाची चौकशी करायची, सुनेबद्दलची तक्रार ऐकून घ्यायची, तोवर पट्टी आपसूक सुटते. ज्याला साखर आहे त्याच्या तळपायाला चटका कळत नाही. तो गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन सुखात झोपतो आणि सकाळी फोड पाहून बायकोवर खेकसतो. आणि छाती कफानं भरली तरी म्हाताऱ्याला ताप येईलच असं नाही. मग ओळखायचं कसं? माझी खूण एकच. वऱ्हाडातला माणूस सकाळच्या चहाला नाही म्हणाला, की डॉक्टरांना फोन लावायचा. ही गोष्ट मी दारोदार सांगत फिरले, आणि पुढं ती माझ्याच अंगाशी आली.

माझ्या गिऱ्हाइकांत बिल्किस आपांसारखं दुसरं कोणी नाही. मूळच्या अचलपूरच्या, घरात रजया भरायचा धंदा. थंडी सुरू झाली की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. टाचांना भेगा पडल्या, तर कुणी तरी सांगितलं बिब्बा लावा. बिब्ब्याच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकानं भेगेत सोडायची आपल्याकडं जुनी रीत आहे. आपांचं थेंबावर भागलं नाही. दोन्ही टाचा माखल्या आणि वर मोजे चढवले. बिब्बा उतला. पाय टरारून सुजले, फोड आले, आणि मी पोचले तर बाई त्याच पायांनी कापसात बसून रजईला टाके घालत होत्या.

"आपा, डॉक्टरांनी पाय वर ठेवायला सांगितलाय."

"पैर उप्पर रखूं तो सुई कौन चलाएगा, सिस्टर? थंडी थांबते का माह्यासाठी?"

"आणि हा बिब्बा कोणी सांगितला होता?"

"सबनंच सांगितला. तुमीच उशिरा आल्या."

म्हणजे चूक माझीच होती. संक्रांतीपर्यंत पाय बरे झाले, आणि आपांनी त्याचं श्रेय एका काढ्याला दिलं.

आपांच्या भिंतीला भिंत लागून पुंडलिकराव काकाजींचं घर. काकाजी एसटीत कंट्रोलर होते. बसस्थानकाच्या खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद घेणारा आणि भोंग्यावरून परतवाड्याची गाडी कोणत्या फलाटाला लागली ते गावाला ऐकवणारा माणूस. ते रिटायर झाले, आवाज झाला नाही. काकू वारल्यानंतर एकटेच होते. रोज सकाळी काठी घेऊन स्टँडवर जायचे, एका बाकावर बसायचे आणि खेड्यापाड्यातून आलेल्या बायाबापड्यांना कोणती गाडी कुठं लागते ते सांगायचे. चौकशीच्या खिडकीपेक्षा त्यांच्या बाकापुढं गर्दी जास्त असायची. मुलगा संदीप पुण्याला, उंच इमारतीत, पार वरच्या मजल्यावर. मुलगा चांगला, सून चांगली. त्यानं बापाला एकच अट घातली होती, "बाबा, आणखी एकदा पडलात की सामान बांधायचं."

तेव्हापासून काकाजी पडायचे बंद झाले. टेकायला लागले.

पहिल्या हिवाळ्यात मोरीच्या उंबऱ्याला अडखळून त्यांनी कपाळ फोडून घेतलं. आपांनी मला बोलावलं, मी पट्टी बांधली. नेमका रविवार होता, संदीपचा व्हिडिओ कॉल यायची वेळ. काकाजींनी पेटीतून काकूंनी विणलेली कानटोपी काढली आणि भुवयांपर्यंत ओढली.

"थंडी भल्ली पडून राहिली बापा," त्यांनी पोराला सांगितलं. थंडी होतीच. पोरगा म्हणाला, "काळजी घ्या, बाबा." मी कॅमेऱ्याच्या बाहेर कापूस धरून उभी होते.

"सिस्टर, तुमी हसून राहिल्या काहून?" फोन ठेवल्यावर काकाजींनी दरडावलं. "पट्टी लहान बांधत जा. टोपीत मावली पायजे."

त्या हिवाळ्यात मी टोपीत मावतील अशा पट्ट्या बांधल्या. नडगीला लागलं तर पायजमा होता, कोपराला लागलं तर स्वेटर होतं. हिवाळ्याचा हा एक मोठा फायदा, अंगावरचं सगळं झाकून जातं. मुलं खूश, बाप खूश.

संक्रांत झाली आणि काकाजींच्या छातीचे ठोके चुकायला लागले. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. ही गोळी घेणाऱ्याचं डोकं आपटलं तर बाहेरचं टेंगूळ दिसतं, आत काय चाललंय ते दिसत नाही. मी काकाजींना समोर बसवून सांगितलं, "आता डोक्याला लागलं की लपवायचं नाही. ही चेष्टा नाही." ते म्हणाले, "हो जी." हे 'हो जी' मी जन्मभर ऐकत आले आहे. त्याचा अर्थ 'तुमी आता घरी जा' असा असतो.

मग आला एप्रिल. अमरावतीचा एप्रिल म्हणजे कुत्रीसुद्धा नळाखालची ओली जागा सोडत नाहीत. बीपी बघायला म्हणून रविवारी मी काकाजींकडं गेले. ते कूलरपुढं बसले होते. अंगात बनियन आणि डोक्यात कानटोपी. हातात फोन, फोनमध्ये संदीप.

"बाबा, टोपी कशाला?"

"सर्दी झाली."

"मग नुसत्या बनियनवर काय बसलात?"

काकाजींनी जरा विचार केला. "सर्दी वरतेच आहे," ते म्हणाले. "खाली नाही उतरली अजून."

मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात टोपीच्या कडेनं कानावर उतरलेला काळानिळा डाग दिसला. हसू तिथंच मेलं. संदीप म्हणत होता, "सिस्टर आल्यात का? त्यांना फोन द्या." काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या माणसानं कधी कोणापुढं मान झुकवली नव्हती, पण त्या क्षणी ते मला विनवत होते. स्टँडवरचा बाक, आपांच्या घरून येणारी ईदची खीर, काकूंच्या हातची तुळस, सगळं माझ्या एका शब्दावर होतं. मी हात पुढं केला आणि टोपी काढली.

"संदीप, बाबा पडलेत. डोक्याला लागलंय. मी आत्ता स्कॅनला नेते, तू नीघ."

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी संदीप बडनेरा स्टेशनला उतरला आणि सामान बांधलं. रिक्षात बसताना काकाजी मला म्हणाले, "सिस्टर, तुमाले जखम बांधाले घरात घेतलं होतं. खबर द्याले नाही."

"जिवंत राहा, मग भांडू," मी म्हटलं. मी केलं ते बरोबरच होतं, आजही तेच करीन. पण जाता-येता स्टँडवरून गेले की तो बाक बघायचं टाळायची.

पुढचं आपांकडून कळत गेलं. पुण्यात काकाजी सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्याला कोणती विंग कुठं आहे ते भोंग्याच्या आवाजात सांगायचे. आधी लोकांना गंमत वाटली. मग सोसायटीनं संदीपला बोलावून घेतलं. खुर्ची आत गेली. काकाजींचं बोलणं बंद झालं, मग जेवण तुटलं. दसऱ्यानंतर संदीपनंच त्यांना परत आणून सोडलं आणि मला फोन केला, "सिस्टर, तुम्ही लक्ष ठेवा."

लक्ष कसं ठेवणार, कपाळ! काकाजी माझ्याशी बोलत नव्हते. मी आपांकडं आले की ते आपलं दार लावून घ्यायचे. बीपी बघायला दुसऱ्या कुणाला बोलवायचे. मीही म्हटलं, असू द्या. राग करायला तरी माणूस धडधाकट लागतो.

आता माझी पाळी. लोकांना मी सांगत असते, फुटलेल्या टाचांना तेल लावलं की आधी मोजे घाला, तेलाच्या पायानं फरशीवर उतरू नका. सांगून सांगून ते मला इतकं पाठ झालं होतं, की ते मला लागू आहे हेच विसरले. डिसेंबरातली सकाळ, टाचांना भरपूर तेल लावलं. मोजे बाहेर दोरीवर वाळत होते. ते आणायला उठले. फरशीवर पाय पडला आणि मी टेकले.

उजवं मनगट सुजलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याच पावली एक्स-रेला पाठवलं असतं. माझं होतं, म्हणून ते नुसतं मुरगळलं होतं. डाव्या हातानं आणि दातांनी मीच बँडेज गुंडाळलं. अश्विनीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा शाल पांघरून बसले, हात आत. "थंडी फार आहे गं," म्हटलं. बोलता बोलता काकाजींची कानटोपी डोळ्यांपुढं आली. शाल मात्र काढली नाही.

स्कूटी चालवता येईना, तशी घरीच पडून राहिले. खोकला आधीपासून होताच, तो छातीत उतरला. ताप नव्हता, म्हणून मी निर्धास्त. सिस्टर दिसली कशी नाही म्हणून आपा बघायला आल्या. माझ्याच स्वयंपाकघरात शिरून अद्रक कुटून चहा केला आणि कप पुढं धरला.

"नको वाटतोय, आपा."

आपांनी कप खाली ठेवला. "चहा नोको म्हणल्या तुमी?"

"हो."

"या अल्ला!" म्हणाल्या आणि चपला घालून चालायला लागल्या.

थोड्या वेळानं दारात काठीचा आवाज. काकाजी. एप्रिलनंतर पहिल्यांदा आम्ही एकमेकांचं तोंड पाहत होतो. ना नमस्कार, ना चमत्कार.

"शाल काढा," ते म्हणाले.

"काकाजी, काही नाही हो, जरासं..."

"टेकल्या?"

मी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

"काढा म्हणतो ना शाल!" परतवाड्याची गाडी परत फिरेल असा तो आवाज. मी शाल काढली. हात कोपरापर्यंत सुजला होता. काकाजींनी खिशातून फोन काढला. अश्विनीचा नंबर मीच कधी तरी त्यांना दिला होता, मी उचलला नाही तर लावायला म्हणून.

"तिला नका सांगू," मी म्हटलं. "ती मला घेऊन जाईल."

"मले बी नेलं होतं," ते म्हणाले आणि नंबर लावला. "बेटा, अमरावतीहून काकाजी बोलून राहिलो. तुही माय पडली. हात मोडला असन. छाती भरली, चहाले नाही म्हणते. नीघ."

हात मोडलाच होता. प्लास्टर झालं. छातीसाठी काही दिवस दवाखान्यात काढले. सलाइनची सुई लावणारी पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली, तीही रागावली. अश्विनी माझ्या उशाशी बसून होती. घरी आल्यावर तिनं पलंगावर बॅग उघडी ठेवली आणि माझ्या साड्यांच्या घड्या घालायला लागली. दवाखान्यात मी रडले नव्हते, ती बॅग पाहून रडले. नाशिकला लेक होती, जावई होता, सगळं होतं. पण नाशिकला मी कुणाची सिस्टर?

त्याच दुपारी काकाजी आणि आपा आले. काकाजी अश्विनीसमोर खुर्ची ओढून बसले.

"बेटा, तू चांगली आहे. माहा पोट्टा बी चांगला आहे. तिथं खायाले होतं, झोपाले गादी होती. पण मले कोणी काही विचारेच ना. माणसाले सकायी कोणीतरी विचारलं पायजे, काकाजी, अकोटची गाडी कुठं लागते." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. एवढं त्यांना बोलवत नव्हतं. "तुह्या मायले बी तसंच आहे. आन् ही गेली तं मले कोण बांधन?"

"आणि ती परत पडली तर, काका?"

"पडनच. गाडी रस्त्यावर आहे तं पंक्चर होईन. पण कंट्रोलरले रिपोर्ट पायजे. रिपोर्ट असला की गाडी चालू ठेवता येते. रिपोर्ट नाही, तं मंग डेपोतच लावा लागते. आमी दोघंबी विनारिपोर्टचे फिरून राहिलो होतो."

मग त्यांनी व्यवस्था सांगितली. रोज सकाळी चहाच्या वेळेला आम्ही एकमेकांना व्हिडिओ कॉल करायचा. डोक्यावर टोपी नाही, अंगावर शाल नाही. कुणी काही लपवलं की दुसऱ्यानं थेट मुलांना फोन करायचा.

अश्विनी शेवटी माझीच मुलगी. ती म्हणाली, "आणि दोघांनी मिळून लपवलं तर?"

"तो मैं क्या मर गई?" आपा म्हणाल्या.

अश्विनी हसली, मग रडली, मग साड्या कपाटात ठेवल्या. "होळीपर्यंत बघते," असं बजावून ती गेली. जाताना आपांचा नंबर घेऊन गेली.

दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "काकाजी, बदला घेतला ना माझ्यावर?"

"तुमी घेतला होता का एप्रिलात?"

"नाही."

"मंग मी बी नाही."

आता रोज सकाळी फोन येतो. "सिस्टर, गाडी लागली का?" मी म्हणते, लागली. "चहा?" झाला. मग मी त्यांना मान इकडं-तिकडं वळवायला लावते, ते मला दोन्ही हात वर करायला लावतात. बाहेरून कुणी पाहिलं तर आम्हाला वेड लागलं असंच म्हणेल.

परवा फोन आला, पण पडद्यावर नुसतं छत. "चेहरा दाखवा," मी म्हटलं. फोन खाली आला. डोक्यावर टोपी नव्हती. भुवईच्या वर रुमाल दाबून धरलेला, रुमालावर रक्त.

"पडलो," काकाजी म्हणाले.

एवढ्या वर्षांत हा शब्द मी कुठल्याही म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मी घाबरले, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

"संदीपले मघाशीच सांगितलं. आपानं रिक्षा बोलावली, स्कॅनले चाललो."

"संदीप काय म्हणाला?"

"म्हणे, स्कॅन करा आन् सिस्टरले बोलवा."

सामानाचं नाव त्यानं काढलं नव्हतं. मी रिक्षानं तिथंच गेले. स्कॅन चांगला आला. टाके लागणार नाहीत, ड्रेसिंग तेवढं करा, डॉक्टर म्हणाले. काकाजींच्या घरी आल्यावर मी ड्रेसिंगची पेटी उघडली आणि मग ध्यानात आलं, माझा उजवा हात प्लास्टरमध्ये.

"काकाजी, एका हातानं कसं बांधू?"

"एक तं मोकळा आहे ना? दुसरा माहा घ्या."

मी डाव्या हातानं जखम पुसली. त्यांनी बँडेजचं टोक अंगठ्यानं कानशिलावर दाबून धरलं, मी गुंडाळत गेले. गाठ मारताना एक टोक माझ्याकडं, एक त्यांच्याकडं. आपा बाजूला उभ्या राहून दोघांनाही चुका सांगत होत्या. गाठ भुवईवर आली, तीही वाकडी. नोकरीत कुणी अशी गाठ मारली असती तर मी ती सोडायला लावली असती.

काकाजींनी आरशात पाहिलं. सवयीनं खुंटीवरच्या कानटोपीकडं हात गेला, तो मध्येच थांबला, आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"घाला काकाजी," मी म्हटलं. "आज खरंच थंडी आहे."